खाणीतलं कार्ड

मॉनिटर आधी आला, हीच चूक.
बंद पडलेल्या नकाशा-कचेरीचा लिलाव,
त्रेचाळीस इंच, जवळजवळ फुकट.
टेबलावर मावेना, म्हणून टेबल बदललं.
माझं जुनं कार्ड त्याला जोडलं
आणि खेळातला घोडा
एक पाय उचलून विचार करत उभा राहिला.

हिशेब सोपा आहे, म्हणूनच भयंकर:
आडवे तीन हजार आठशे चाळीस,
उभे दोन हजार एकशे साठ,
म्हणजे ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार चारशे ठिपके,
सेकंदाला साठ वेळा
पुसायचे, पुन्हा रंगवायचे.
करागांडात रात्रपाळीची नर्स आहे मी,
एकटीकडे बत्तीस खाटा.
कुणावर किती भार टाकू नये
हे मला कळतं.

नवं कार्ड म्हणजे चार पगार.
आठ जीबीचं दोन पगारांत,
पण या पडद्यापुढे ते दर्यामें खसखस.
पहाटे घरी येऊन कॅबिनेटमध्ये शिंप्याची टेप धरली:
एकतीस सेंटिमीटर, पुढे पत्रा.
पॉवर सप्लाय साडेसहाशेचा,
त्यालाही जीव आहे.

राहता राहिला गेन्नादी.
बाजारामागे, उणे सत्तावीसमध्ये,
त्याच्या कंटेनरात खाणीतली कार्डं असतात.
नाण्यांच्या खाणीतली.
एकिबास्तुझच्या बाजूला कुठेतरी, बिनखिडक्यांच्या गोदामात,
वर्षानुवर्षं आकडे फोडत बसलेली.
सोळा जीबी, दीड पगार.
"नव्यासारखंच आहे, झानार," तो म्हणाला,
आणि माझ्याकडे न बघता चहा ओतू लागला.

वडील सोबत आले होते, उगाच,
डॉक्टरने चालायला सांगितलंय म्हणून.
सव्वीस वर्षं कोळशात काढलेला माणूस.
त्यांनी हातमोजा काढला,
कार्ड कानाशी नेलं,
बोटाने एकेक पंखा फिरवून ऐकला.
"किती वर्षं खाली होतं?"
"तीन."
"सुट्टी?"
गेन्नादी हसला. वडील हसले नाहीत.
"पंखे?"
"दोन बदललेत. तिसरा मूळचा."
"म्हणजे छाती भरलेली आहे याची," ते म्हणाले,
"पण खाणीतून आला म्हणून
माणूस लगेच मेलेला नसतो."
आणि वर पाच हजार टेंगे कमी करून घेतले.

घरी उघडलं.
आतली पेस्ट वाळून भाकरीच्या पापुद्र्यासारखी निघाली.
वॉर्डातल्या स्पिरिटने पुसलं
(चोरीचं, हो),
नवी लावली, स्क्रू आवळले.
घोडा चालला.
गवत पहिल्यांदाच गवत झालं, पात्यापात्याने,
आणि वारा कुठून येतोय ते कळू लागलं.

चौऱ्याऐंशी अंशांवर कार्डाला धाप लागली.
तिसरा पंखा घरघरला.
"त्याला जड काय जातंय?" सोफ्यावरून.
सावल्या, मी म्हटलं. सावल्या रंगवणं फार जड.
"मग काढून टाक. सावल्या पुष्कळ पाहिल्यात."

काढल्या. बहात्तर अंश.
सूर्य होता, घोडा होता,
घोड्याखाली काहीच नव्हतं.
त्यांना ते चाललं.
शत्रूचा तळ डोंगरापलीकडे होता, मी गेले नाही,
नुसती चालत राहिले त्यांच्यासाठी,
दूध घातलेला चहा गार होईपर्यंत.

मग ते उठून पडद्यापाशी आले.
उजवीकडे वर, निळ्या आभाळात,
त्यांना एक काळा कण दिसला होता.
बाहीने पुसला. जाईना.
थुंकी लावून पुसला.
मेलेला ठिपका तो, लिलावातच बघितला होता मी.
बोलले नाही.
"कोळसा," ते म्हणाले,
आणि जागेवर जाऊन बसले.