माफी

कादंबरीतला लायल एकवीस वर्षांनी सुटतो.
ओहायोतलं गाव, गाड्या धुण्याचं दुकान,
हातात नळी, पायात दुसऱ्याचे बूट.
गाव त्याच्याकडे गाडी आणतं, काच खाली करत नाही.
पान दोनशे बारावर एक बाई त्याला विचारते,
अंडी कशी आवडतात तुला,
आणि त्याला सांगता येत नाही.
तिथे मी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला.
बँकेत होते तेव्हा मी रडत नसे.

अनुवाद अडला मात्र पुढच्या ओळीवर.
शिक्षेतून कापून मिळालेल्या दिवसांना
मराठीत काय म्हणायचं?
सूट लिहिलं. साड्यांच्या सेलसारखं दिसलं.
सवलत. खोडलं.
शब्दकोश तीन, तिन्ही गप्प.

आमच्या चरईत, इमारतीच्या कोपऱ्यावर,
बंद पडलेल्या गिरणीच्या पायरीशी
हिराजी घरतचं इस्त्रीचं टेबल.
कुणी म्हणतं भावाला, कुणी म्हणतं चुलतभावाला,
बांधावरून, कोयत्याने.
चौदा वर्षं ठाण्यातच होता, कारागृहात,
इथून चालत वीस मिनिटं.
आम्ही कपडे नौपाड्याला पाठवतो,
नगामागे दोन रुपये जास्त देऊन.

मी खाली उतरले ती शब्दासाठी.
दया वगैरे काही नव्हतं, हे लिहून ठेवते.

त्याने कोळशावरची राख फुंकली.
"माफी," म्हणाला.
"माफी?"
"म्हयन्याला इतके दिवस. आत सगले तेच बोलतान.
मना चार वर्सांची लागली."
"कुणी दिली?"
"कागदानं."

मग इस्त्री उभी करून,
"तुमच्या गोष्टीतल्याला घर गावला का, शेवटी?"
शेवट मला ठाऊक होता.
म्हटलं, अजून तिथवर आले नाही.
"कपडे हान का?"
माझ्या हातात नुसता कागद,
पेन्सिलीने खरडलेला, मुठीत चुरगळलेला.
त्याने तो घेतला, टेबलावर पालथा पसरला,
पाणी न शिंपडता वरून एकदाच इस्त्री फिरवली
आणि घडी न घालता परत दिला.
गरम होता.

बाविसाव्या प्रकरणात आता माफी आहे.
संपादिका विचारतात,
वाचक गोंधळतील, तळटीप देऊ या का,
की हा शब्द इथे चुकलाय?
उत्तर अजून पाठवलेलं नाही.
खुर्चीवर तीन साड्या काढून ठेवल्यात,
एक उशीचा अभ्रा.
कालपासून.