हिस्सा तीन-ब

मीठमुंबरीत मी डबे बसवतो.
डबाच म्हणतात सगळे; राउटर फक्त बिलावर.

खाऱ्या वाऱ्यानं सहा महिन्यांत पिना हिरव्या पडतात,
म्हणून शिडीबरोबर व्हॅसलिनची डबी ठेवतो
आणि काही उत्तरं, कारण प्रश्न ठरलेले.
म्होर ह्याच्यानंच गळता ना?
मी म्हणतो, थ्रिप्सनं.
ते डब्याकडे बघत राहतात.

तारीबाईंनी त्याला क्रोशाचं झाकण विणलंय,
दिव्यांपुरती भोकं ठेवून.
रात्री नऊला बटण बंद.
"तेका झोप नको?"

याकूब सारंग, आयुष्यभर बोटीवर,
आता भरती-ओहोटीच्या वहीत
शेजारच्या रकान्यात स्पीड लिहितात.
अठ्ठेचाळीस. एकोणीस.
अवसेला सहा.
पन्नासाचे पैसे घेतोस आणि अवसेला सहा?
वांदर, म्हणतो मी. वायरीवर झोके घेतात.
वांदरांवर कोण केस करणार.

आज बोलावणं सगुण धुरींचं.
एक कौलारू घर, दोन दारं,
मधे आढ्यापर्यंत जांभ्याची भिंत, नऊ साली घातलेली.
पलीकडे लवू, सख्खा भाऊ.
मधल्या काळात दोघं बोलले ते वकिलांमार्फत.

"सिग्नल भितीपलीकडे जावक नको.
बिल मी भरतंय."

फोन हातात धरून भिंतीलगत चाललो.
चार कांड्या, तीन, एक,
मग काहीच नाही.
कोर्टाला जमलं नाही ते
दीड फूट चिऱ्यानं केलेलं.
फक्त जुन्या कोनाड्याशी,
जिथे गवंड्यानं घाईत चिरा उभा लावला,
तिथे पाझरत होता थोडा,
मे महिन्यातल्या विहिरीसारखा.

पलीकडची ती जागा मला माहीत आहे.
लवूचा पंखा जोडायला गेलो होतो.
खाली सतरंजी, नर्सिंगची पुस्तकं,
आणि गिलाव्यावर तेलाचा गोल डाग,
बसलेल्या मुलीच्या डोक्याच्या उंचीवर.

मी बोललो नाही.
व्यवसाय आहे, दोन्हीकडे डबे विकायचेत.

"मगे पासवर्ड बदल."
सांगा. आठ अक्षरं तरी लागतील.

सगुण मागीलदारी जाऊन पान थुंकून आले.
मला वाटलं, रवळनाथाचं नाव घालतील,
नाहीतर बायकोचं, बरेचजण माहेरचं घालतात.
उभ्याउभ्याच म्हणाले,
"घाल. सर्व्हे. एकशे सत्तेचाळीस. तीन. ब."

हा आकडा सातबाऱ्यावर आहे,
प्रत्येक समन्सावर आहे,
अकरा हापूस आणि एका फणसाखालच्या जमिनीचा हा आकडा
ह्या भिंतीच्या दोन्ही बाजूंची पोरं
पाढ्यांच्या आधी शिकली.

मी त्यांच्याकडे बघितलं.
ते वर, कौलात, काचेच्या तुकड्याकडे बघत होते.
"अहो, पण हा तर..."
"घाल म्हटलंय मां."

घातला.
दिवे विझले. नारिंगी झाले. एकेक करून हिरवे.

दोनशे सांगितले, दीडशे मिळाले
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार सुके बांगडे.
शिडी खांद्यावर घेऊन मागीलदारानं वळलो.
मागीलदारं अजून शेजारी शेजारीच आहेत,
तुळस एकीचीच.

पलीकडे फोन वाजला, टुण्ण.
थोडं थांबून पुन्हा,
आणि मग तुंबलेले असावेत तसे
सात-आठ एकदम.

सगुण उंबऱ्यात उभे होते.
मी थांबलो, पिशवीतली पक्कड उगाच चाचपली.
"वांदर इले वाटतत," ते म्हणाले,
आणि दार ओढून घेतलं.