मायग्रेशन क्रमांक सात

रात्री अकराला सर्व्हर म्हणाला: कनेक्शन नाकारलं.
पोर्ट बरोबर, नाव बरोबर,
पासवर्डातला शेवटचा आकडा मीच गाळलेला.
तो भरला. एक हिरवी ओळ उमटली,
आणि इंदूरच्या रामबागेत, जिन्याखालच्या खोलीत
झोकरकरबाईंची खानावळ
पहिल्यांदा डेटाबेसला भेटली.

चौदा वह्या. लाल पुठ्ठ्याच्या,
कडांना हळदीची बोटं.
डाव्या पानावर माणसं, उजव्या पानावर डबे,
मधे शिवणीचा दोरा.
मी त्याला फॉरेन की म्हणतो.
बाई म्हणतात, "दोरा आहे तो भिया. ओढू नकोस."

पहिलं मायग्रेशन: ग्राहकांचा तक्ता.
दुसरं: डब्यांचा. प्रत्येक डब्याला माणूस हवाच,
बेवारस डबा आत येणार नाही.
तिसऱ्यात भाव चुकला, चौथ्यात सुधारला.
पाचवं मी चिडून लिहिलं,
कारण एकादशीचा डबा वेगळा असतो
हे सांगायची गोष्ट आहे असं बाईंना वाटलंच नव्हतं.
सहाव्यात पत्ता सक्तीचा केला.
रिकामा चालणार नाही, असं ठणकावून.

मग वह्या आत ओतायला घेतल्या.
दहा सुरळीत गेल्या. अकरावी अडली.
नाव: गजानन मुंगी.
पत्ता: काही नाही.
डबे: दोन हजार एकशे सहा.
जमा: पहिल्या तीन महिन्यांची.
पुढे प्रत्येक महिन्याच्या तळाशी
बाईंच्या बारीक अक्षरात दोन शब्द: मागूं नये.

पत्त्याच्या जागी मी एक टिंब टाकलं.
तेवढ्यावर यंत्र गप्प बसलं.

"काय वाचून राहिलास?"
बाई वाटाणे सोलत होत्या. नाव सांगितलं.
"मिल बंद झाली ना, तेव्हाचा," म्हणाल्या.
"फाटकाशी उभा राहून डबा घ्यायचा. आत नाही आला कधी.
मग यायचाच थांबला."
एक वाटाणा उडून कीबोर्डवर पडला.
"काढायचा असेल तर काढ. आता कोण विचारतंय."

मी डिलीट लिहिलं. खरंच लिहिलं.
डेटाबेस म्हणाला: नाही.
या ओळीवर दोन हजार एकशे सहा डबे अवलंबून आहेत.

तीनदा वाचलं.
माणूस डब्यावर अवलंबून असतो, असा माझा समज.
यंत्र उलटं सांगत होतं,
आणि आपण काय बोललो याचा त्याला पत्ता नव्हता.

कॅस्केड लावलं असतं तर एका एंटरसरशी
तो, त्याच्या पोळ्या, सहा उन्हाळ्यांचं पन्हं,
सगळं गेलं असतं,
आणि बाकी शून्य आली असती. स्वच्छ.

म्हणून सातवं.
पत्ता: सक्तीचा नाही.
नवा रकाना: टीप. लांबीला मर्यादा नाही.
मुंगीच्या पत्त्यातलं टिंब पुसलं.
टीपेत वहीतलं उतरवलं जसंच्या तसं,
मागूं नये,
अनुस्वारासकट.

प्रत्येक मायग्रेशनखाली परतीची वाट लिहावी लागते:
वर जे केलं ते मोडायचं कसं.
सहाही ठिकाणी मी नेमाने लिहिलेली.
सातव्यात एकच ओळ हवी होती, रकाना काढून टाका.
चहा पिऊन झाला, कप विसळून झाला,
कंस रिकामेच.
शेवटी तसेच ठेवले.

पहाटे कचऱ्याची गाडी गाणं वाजवत कोपऱ्यावर आली.
सातवं चाळीस मिलिसेकंदांत पार पडलं.
बाई चष्म्याशिवाय वाकून बघत होत्या.
"मग त्या मुंगीचं काय ठरलं? वाच."
वाचलं.
"हं," म्हणाल्या. परात पुढे ओढली, पीठ चाळायला घेतलं.
बऱ्याच वेळाने, चाळणी न थांबवता:
"तीन पोळ्या लागायच्या त्याला. दोन म्हणायचा, पण तीन लागायच्या.
ते घातलंस?"

ते आठव्यात.