आवाजाच्या पुढे

मुहर्रकची धावपट्टी जिथे समुद्रापाशी थांबते
तिथे, अरादच्या खाडीच्या कठड्यावर
आम्ही दोघं करक चहा घेऊन बसतो.
माझी रात्रपाळी आत्ता सुटली.
शरफुद्दीन हुर्जूक यांची
बारा वर्षांपूर्वी.
आता ते मुलाच्या व्हिसावर राहतात,
आणि सवय जात नाही म्हणून पहाटे इथे येतात.

मी लोडशीट करते.
इंधन, पपया, टायर, शवपेट्या,
जिवंत माणूस सरासरी चौऱ्याऐंशी किलो,
हातातल्या पिशवीसकट.

चाचांना ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं इंजिनांच्या पायाशी पाण्याची गाडी लावली,
कानांवर नुसता रुमाल.
म्हणून मी फोनवर मोठ्या अक्षरांत लिहिते:
ते विमान पुन्हा येणार म्हणतात.
आवाजापेक्षा वेगवान.
मुंबई सव्वा तासात.

ते अक्षरं ओठांनी वाचतात. हसतात.
"मी हात लावलाय त्याला," म्हणतात,
"शहात्तरच्या जानेवारीत.
नाक खाली करून उतरला, बगळा चिखलात उतरतो तसा.
खिडक्या पासपोर्टएवढ्या.
पोटाला हात लावला तर कोमट,
आत्ता व्यालेल्या वासरासारखा.
मुकादम ओरडला, हात काढ."

मी हिशेब करून दाखवते:
मुंबईहून सकाळी दहाला निघालं
तर इथल्या घड्याळात पावणेनऊ.
म्हणजे घर सोडायच्या आधीच
माणूस कामावर हजर.
चाचा म्हणतात, "कंपनीला आवडंल."

मग बराच वेळ काही नाही.
ओहोटी. चिखलात खेकड्यांची भोकं.
एक बांगलादेशी पोरगा कठडा धुतोय,
पाणी आमच्या चपलांपर्यंत येतं, थांबतं.

"एकोणऐंशीत," ते म्हणतात, आणि
बहिऱ्या माणसासारखे फार मोठ्यानं म्हणतात,
"मी आईला कॅसेट पाठवली.
साठ मिनिटांची. दोन्ही बाजू भरून बोललो.
केळशीचा एकजण दुबईवरून जाणार होता, त्याच्याकडं दिली.
तो दुबईतच अडकला. कामच लागलं त्याला.
मागून तार आली.
मी गेलो. चौथ्या दिवशी बाणकोटला.
तवा कबरीवरची माती पण सुकली व्हती.

वीस दिवसांनी कॅसेट आली.
ओटीवर सगळे बसले व्हते. कोणीतरी लावली.
मी तिथंच बसलोय आणि मीच विचारतोय,
आई, गुडघा कसा हाय?
आणि गप बसलोय मध्ये.
तिला बोलायला जागा सोडली व्हती मी.
प्रत्येक सवालाच्या मागं.
पट्टी नुसती फिरतेय, खर्र खर्र,
आणि सगळे त्या जागेत बसलेले."

मी फोनवर काही लिहीत नाही.
अक्षरं मोठी करायची सोय असते,
लहान करायचीही असते.

"तर मना नको सांगू," ते म्हणतात,
"आवाजाच्या पुढं जायचं.
आमी सगळेच गेलेलो.
माणूस आधी, आवाज मागनं.
फुटायचं ते मागनंच फुटतं."

रोज रात्री माझी नऊ वर्षांची जुई
अकोल्याहून फोनवर दिसते.
तिचे ओठ हलतात, मग शब्द येतो.
त्या अर्ध्या सेकंदात मी हसून घेते,
काय म्हणाली ते कळायच्या आधी.
हे मी चाचांना सांगितलेलं नाही.

नवीन विमान गुपचूप जाईल म्हणतात.
खालच्यांना धमाका ऐकू येणार नाही,
दार लावल्यासारखा एखादा आवाज, बस.
तिकीट किती, ते कुणी छापलेलं नाही.
माझ्या करारात रजा दोन वर्षांनी एकदा,
त्याला कुठलंही इंजिन लागत नाही.

सहा वाजून दहा. मालवाहू येतंय धावत,
आजचं वजन मीच केलेलं,
तीन पेट्या मागच्या बाजूला, एक केरळची, दोन सिल्हेटच्या.
चाचा वर बघत नाहीत.
काचेचा ग्लास तळहातावर ठेवतात,
तळाशी दोन घोट उरलेले.
साय थरथरते. थरथरते. थांबते.

"गेलं," ते म्हणतात.