आंबेखोल, रात्रपाळी

भानू मेस्त स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचा
आणि मूठ कानाला.
डोळे मिटून ऐकायचा,
भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तसा.
“डावो खाकरता हा,” म्हणायचा, “तेल बघ.”
मी बघायचो. कमीच असायचं.

तो गेला त्याला अकरा वर्षं झाली.
स्क्रूड्रायव्हर खिळ्याला आहे,
लाकडी मूठ कानाच्या बाजूने झिजलेली.

दोन यंत्रं. त्यातलं एक चालतं.
दुसऱ्याचे सुटे भाग पहिल्याच्या अंगावर,
वारलेल्या भावाचे सदरे घालावेत तसे.
वर तळं, तिथून कातळ उतरत येणारा लोखंडी नळ,
ठिगळांचा, बाराही महिने घामेजलेला.
जाळीत अडकतात ऐनाची पानं, चपला,
एकदा तर जिवंत खेकडा, नांगी उगारून,
पाणी जणू त्याच्याच सातबाऱ्यावर.

खाली शहर.
त्याला वीज आता घाटावरून येते, जाड तारांतून.
आमची तिच्यात मिसळते,
व्हाळ खाडीला मिळावा तशी.
चव कुणाला कळत नाही.
साहेब विचारतात, अजून चालू आहे हे?
मी लॉगबुक पुढे सरकवतो.
रात्री दोन: दाब ठीक. तीन: ठीक.
चार: ठीक. पाऊस.

फक्त त्या वादळात घाटातले मनोरे आडवे झाले.
फोन अर्धवट लागला:
“एकच फीडर उचलेल. कुठला, ते तू बघ.”
एका तारेवर सरकारी दवाखाना,
दुसरीवर बर्फाचा कारखाना,
आत अख्ख्या बंदराची सुरमई,
सासऱ्यांच्या दोन होड्यांची धरून.

मी दवाखान्याचं हँडल ओढलं.

पाचव्या दिवशी बंदराचा वास
चढण चढून वीजघरात आला.
सासरे वर्षभर बोलले नाहीत;
बायको बोलली, तेच जास्त झालं.
नऊ रात्री. चौदा बाळंतपणं झाली म्हणे.
लॉगबुकात त्याला रकाना नाही.

आता आयटीआयची एक मुलगी आलीय शिकायला,
निलोफर सोलकर.
तिच्या मोबाइलवर थरथर मोजता येते, आलेखासकट.
काल मी खिळ्यावरचा स्क्रूड्रायव्हर काढून दिला.
आधी हसली. मग टेकवला.
आठ वाजलेले, शहर स्वयंपाकाला लागलेलं,
यंत्राचा आवाज एक पायरी खाली उतरला.
“डावीकडे कुणीतरी खाकरतंय, काका.”

मी तेल बघितलं.
तेल पुरेसं होतं.

तिने पुन्हा कान लावला.