जोडाशेजारी

पुलगावकडच्या जिनिंगात प्रेस बंद,
सरकीचा वास तेवढा चालू.
देवाजी निकुरे म्हणाले, "जोड पक्का हाये, पोरी.
उगाच काहून टोचून राहिली?"

हिरवा रंग घासून मी हिऱ्याचं टोक टेकवलं.
भार वाढवत नेला, काढून घेतला.
खूण तिळाहून बारीक.

दूरच्या पाटीवर टोक अडलं होतं.
इथे, जोडाला लागून, तेवढ्याच भारानं
खोल गेलं.

निवताना आकसायचं होतं याला.
शेजारच्या थंड लोखंडानं सोडलं नाही.
ती ओढाताण अजून आत, प्रेस बंद असतानाही.

देवाजींनी चष्मा पुसला, आकडा दोनदा वाचला.
मग गोल तोंडाची हातोडी काढली
आणि जोडावर ठोकत राहिले, हलके,
माझा चहा निवेपर्यंत.

"आता टोच."