रुमालाखाली

प्रगतिपुस्तकात कोथळे बाईंनी लाल पेनानं लिहिलंय:
'वाचनात फार मागे. लक्ष देत नाही.'
खाली पालकाच्या सहीची जागा.
मी सही करतो सावकाश,
चित्र काढावं तशी.

चौथीत आहे सन्मती.
बारशाला वाटलं होतं, नावातच सगळं आलं.

मोठ्यानं वाच म्हटलं की मान खाली,
पानाचा कोपरा दुमडतो, उलगडतो, पुन्हा दुमडतो
फाटेपर्यंत.
'धर'ला 'घर' म्हणतो,
'भात' आला की 'मात'.
शिकवणी लावली, महिना पाचशे.
त्या मॅडम म्हणाल्या, हुशार आहे, पण आळशी.
हिनं रात्री बदाम भिजत घातले.
मी एकदा हात उचलला.
हे सांगायचं नव्हतं.

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर
त्याला मार्केट यार्डात घेऊन गेलो.
हळदीची थप्पी, हवेत पिवळा धुरळा,
पोरगं शिंकत शिंकत पोत्यावर बसलं.
सौदे आता उघडच होतात,
पण मगदूम अण्णा जुने अडते,
गंमत म्हणून अजून रुमाल टाकतात हातावर.
त्यांनी सन्मतीचा पंजा रुमालाखाली घेतला,
बोटं दाबली, सोडली, पुन्हा दाबली.
दोनदा समजावलं.
तिसऱ्यांदा पोरगं डोळे मिटून म्हणालं,
'चौदा हजार दोनशे.'
अण्णा हसले. 'तोलाईदार,
ह्याला मागं कोण म्हणतंय?'

त्या रात्री जेवणं झाल्यावर
माझाच घामट रुमाल आमच्या दोघांच्या हातांवर.
तळव्यावर घ काढला. ध काढला.
घाई केली नाही.
गुदगुल्या होतात म्हणून आधी खिदळला,
मग एकदम गप्प.
म्हणाला, 'पप्पा, घ ला सगळं छप्पर आहे.
ध गळतो.'
दहा वेळा काढले, दहा वेळा बरोबर सांगितले.
भ पण गळतो, हे त्याचं त्यानंच शोधलं.

मग हळूच विचारलं,
'तुम्हाला पण हलतात का अक्षरं?'

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.
सातवीत शाळा सोडली मी,
का, ते आईलासुद्धा कळलं नाही कधी.
पोत्यावरची नावं रंगावरून ओळखतो,
काट्यावरचे आकडे तेवढे उभे राहतात माझ्यासमोर.
रुमालाखाली बोट दाबलं त्याचं,
एकदा.
रुमालाखालचं रुमालाखाली राहतं,
हा यार्डाचा नियम त्याला ठाऊक झाला होता.

चाचणीत वीसपैकी नऊ.
मागच्या खेपेला चार होते.

सोमवारी बाईंना भेटायला गेलो.
वाटेत सगळं जुळवलं होतं:
की बाई, आम्ही पोतं तोलतो
तेव्हा बारदानाचं वजन वजा करतो,
माल किती ते त्यानंतर कळतं;
की त्याला हातावर काढून दाखवा,
वर्गासमोर उभं करू नका.
दारात चप्पल काढली आणि निम्मं विसरलो.

बाई वह्या तपासत होत्या. लाल पेन.
म्हणालो, 'बाई, सन्मतीला अक्षरं हलताना दिसतात.'
त्या लिहीतच राहिल्या.

'मलाही,' म्हणालो.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.
पलीकडची खुर्ची ओढली.
'बसा,' म्हणाल्या.